मॅनेजरचा कौल

आमच्या इमारतीत पार्किंगच्या एकूण अठरा जागा आहेत. त्यातली सात नंबरची जागा राखणदाराच्या नावावर आहे. राखणदार म्हणजे वॉचमन नव्हे. आमच्या जुन्या चाळीच्या दारात पिंपळाखाली एक काळा दगड होता, गुडघ्याएवढा, तो राखणदार. भांडुपची ती चाळ पाडून बिल्डरनं टॉवर बांधायला घेतला तेव्हा आम्ही सगळे चौरस फुटांसाठी भांडत होतो. दशरथ तात्या एकटे दगडासाठी भांडले. "आधी तेची जागा दाखव, मगे माझी सही घे," असं त्यांनी बिल्डरला तोंडावर सांगितलं. नकाशात आजही लिहिलेलं आहे: पी-७, देव.

तात्या म्हणजे दशरथ घाडी. आमच्या समोरचं दार त्यांचं. वय शहात्तर. मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, होते, मिल गेली तेव्हा एका कुलपांच्या कारखान्यात वॉचमन झाले, तिथून रिटायर झाले. पण भांडुपमध्ये त्यांना त्यासाठी कोणी ओळखत नाही. तात्या गाऱ्हाणं घालतात आणि कौल लावतात, म्हणून ओळखतात. घाडी घराणं, गावाला पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. कोणाला काही अडलं की तात्या आंघोळ करून ओलेत्यानं राखणदारासमोर बसायचे, दगडाच्या उजव्या अंगाला एक फुलाची पाकळी चिकटवायची, डाव्या अंगाला एक, आणि देवाला प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. मग त्यावर वाद नाही.

मी रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की वहीत चार ओळी लिहिते. सव्वीस वर्षं झाली. त्या वह्यांत तात्यांचे सगळे कौल आहेत. राजेशनं, म्हणजे आमच्या आताच्या सेक्रेटरीनं, आईच्या मनाविरुद्ध घाटकोपरची मुलगी करावी का? उजवा. बिल्डरला होकार द्यावा का? उजवा. माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन करावं का? मी तेव्हा इतकी घाबरले होते की डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या पिठाच्या डब्याखाली लपवून ठेवल्या होत्या. उजवा. ऑपरेशन केलं, बरी झाले, राखणदाराला अकरा नारळ दिले.

तर अशा माणसाचा कुत्रा आजारी पडला.

कुत्र्याचं नाव मॅनेजर. टॉवरचं काम चालू असताना सिमेंटच्या पाइपात सापडलेलं पिल्लू, गावठी, पिवळट. विमलावहिनींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, त्याला मोती म्हणायचं ठरवलं होतं. तात्या म्हणाले, नाही. "बत्तीस वर्सां मी मॅनेजरच्या समोर उभो ऱ्हवलंय. आता मॅनेजर माझ्या समोर बसतलो." आणि खरंच, रोज सकाळी दारातून आवाज यायचा, "मॅनेजर, खाली बस. मॅनेजर, तंगडी वर करू नको. मॅनेजर, लाज वाटता काय?" तात्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान असायचं ते मी काकड आरतीलाही कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

वहिनी सहा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी तेजल चारकोपला असते, नोकरी आणि दोन मुलं सांभाळून पंधरा दिवसांनी येते. म्हणजे घरात तात्या आणि मॅनेजर. आणि मॅनेजर आता पंधरा वर्षांचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय गेलेले, आणि श्रावणाच्या सुरुवातीला त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठ दिवस सलाईन झालं. खाणं बंद. दर थोड्या वेळानं तो एक बारीक आवाज काढायचा, दार करकरावं तसा, आणि तो आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी गॅस बारीक करून ऐकत राहायची.

प्राण्यांच्या डॉक्टर निधी म्हणून आहेत, तरुण मुलगी, घरी येतात. त्यांनी माझ्यादेखत तात्यांना समोर बसवून नीट सांगितलं. "काका, हा बरा होणार नाही. फार तर दहा-बारा दिवस, आणि ते सगळे असेच, दुखण्यात. इंजेक्शननं त्याला शांतपणे सोडवता येईल. पण ते तुम्ही ठरवायचं. मी नाही ठरवू शकत."

"मी?" तात्या म्हणाले.

"तुमचाच आहे ना तो?"

त्यांनी संमतीचा कागद ठेवला. त्यात सही, तारीख आणि शेरा असे तीन रकाने होते. तात्यांनी चष्मा लावून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'राखणदाराची मंजुरी येणे बाकी', आणि सहीची जागा कोरी ठेवून कागद परत दिला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "हे राखणदार कोण? दुसरे मालक आहेत का?"

"खाली पार्किंगमध्ये असतात," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

राजेशनं लगेच बोर्डावर नोटीस लावली. 'बुधवार सकाळी ९ वाजता पी-७ येथे मॅनेजर यांच्यासंबंधी कौल. पी-६ व पी-८ यांनी गाड्या काढून घ्याव्यात.' त्यामुळे दोन घोटाळे झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूंना वाटलं की सोसायटीचा मॅनेजर काढतायत, ते येऊन म्हणाले, आमचं मत काढण्याच्या बाजूनं. आणि पी-आठवाल्यांनी गाडी काढायला नकार दिला, कारण कुत्रा हा सोसायटीच्या नियमांत बसत नाही. राजेशनं त्यांना सांगितलं, "साहेब, कुत्रा नाही बसत, पण देव बसतो."

बुधवारी मॅनेजरला भाजीच्या ट्रॉलीत, गोधडीवर घालून लिफ्टनं खाली आणलं. तेजलला सुट्टी नव्हती म्हणून ती व्हिडिओ कॉलवर. तिचा फोन राजेशच्या हातात, अगदी पाकळ्यांच्या समोर धरलेला. भीमराजभाऊ खुर्ची घेऊन आले होते. हे पहिल्या मजल्यावर राहतात, बसवर कंडक्टर होते, चाळीपासूनचे तात्यांचे दोस्त. ते बुद्धाला मानतात, कौलाला मानत नाहीत, पण गेल्या चाळीस वर्षांत एकही कौल त्यांनी चुकवलेला नाही.

"दशरथ, दगडाला कशाला विचारतोस रे? डॉक्टरीणबाई शिकलेली आहे, ती सांगते ना."

"ती म्हणता माका विचार."

"मग तुला विचार ना!"

"तू गप बस. कंडक्टर आसस, तिकीट फाड."

मग तात्यांनी हात जोडले आणि तो खड्या आवाजातला सूर लावला, जो ऐकला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. "बा राखणदारा म्हाराजा! ह्यो तुझो दशरथ घाडी आज तुझ्या पायाकडे इलो हा. पंधरा वर्सां जेना माझ्या दारार राखण केल्यान, तुझ्याच धंद्यातलो ह्यो मुको जीव आज आडवो पडलो हा. तेका सोडूचो काय, ता तूच सांग रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे. फोनमधून तेजल अर्धा सेकंद उशिरा, "होय म्हाराजा!"

"ठीक आहे," भीमराजभाऊ म्हणाले.

तात्यांनी दोन तांब्यांतून पाणी घेऊन पाकळ्या लावल्या आणि मागे सरले. पंखा बंद, बोलणं बंद. आणि तेवढ्यात, आठ दिवस ज्यानं पाण्याला तोंड लावलं नव्हतं तो मॅनेजर ट्रॉलीतून मान लांब करून पुढे आला, दगड हुंगला, आणि जीभ काढून उजवी पाकळी चाटून खाऊन टाकली.

 मग सगळे एकदम बोलायला लागले.

"उजवा! उजवा दिला!" राजेश ओरडला. "त्यानं स्वतःच दिला!"

"पडली कुठे? खाल्ली," पी-आठवाले म्हणाले. शेवटी तेही बघायला आलेच होते.

"अहो, खाल्ली म्हणजे भूक लागली," भीमराजभाऊ म्हणाले. "भूक लागली म्हणजे जगतोय. हा डावाच धरा."

"काय झालं? मला फक्त जीभ दिसली!" तेजल फोनमधून.

मी मनात रामनाम घेत होते. मला तर वाटलं, मुक्या जीवानं आपल्या तोंडानं आपली सुटका मागितली, याहून मोठा कौल कोणता? पण तात्यांचा चेहरा पाहिला आणि बोलले नाही. चोरी करताना पकडलेल्या माणसासारखा तो चेहरा होता. "कौल बाद," ते म्हणाले. "आयतवारी परत." आणि ट्रॉली ढकलत लिफ्टकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे पेज घेऊन गेले. मॅनेजर गोधडीवर, तात्या त्याच्या शेजारी जमिनीवर, त्याच्या तोंडाशी ड्रॉपरनं पाणी धरून बसलेले. पाणी गळून गोधडी भिजत होती.

"प्रेमा, बस गो हय. तुका एक सांगूचा आसा."

मी बसले.

"मॅनेजरान उजवीच पाकळी कित्याक खाल्ल्यान, म्हायत आसा?"

"देवाची इच्छा."

"नारळाचा पाणी." तात्या माझ्याकडे बघत नव्हते. "जी पाकळी पाडूची आसता, तिका साधा पाणी. जी ऱ्हवूक व्हयी, तिका नारळाचा पाणी, ता चिकाटता. म्हणून दोन तांबे. ह्येका नारळ आवडता, वास इलो, खाल्ल्यान."

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे बुधवारी तुम्हाला डावी पाडायची होती?"

"व्हय."

"म्हणजे तात्या... नेहमीच?"

"माझ्या बापाशीन शिकवल्यान. तेका तेच्या बापाशीन." तात्यांनी ड्रॉपर खाली ठेवला. "अगो, लोक इचारूक येतत तेव्हा तेंचा अर्धा ठरलेला आसता. नुसतो धीर नसता. मी बघतंय माणूस, बघतंय घर, इचार करतंय चार दिवस. मगे पाकळी लावतंय. नाव देवाचा म्हणान माझो हात कधी कापलो नाय."

मी घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. वाचत गेले आणि डोकं धरून बसले. प्रत्येक कौलाच्या आधी, दोन-तीन दिवस मागे, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'तात्या चहाला आले, म्हणाले घाटकोपरची पोरगी चांगली आहे.' 'तात्या म्हणाले, बिल्डर बरा वाटतो.' आणि माझ्या ऑपरेशनच्या आधी: 'तात्या आले. काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघत बसले. जाताना म्हणाले, प्रेमा, तू फार बारीक झालंस.'

राग यायला हवा होता. सव्वीस वर्षं मी ज्याला देवाचा शब्द समजून वहीत उतरवला तो एका साचेवाल्याचा शब्द होता. पण मला आठवले ते अकरा नारळ. ते खरं तर समोरच्या दारात द्यायला हवे होते.

संध्याकाळी परत गेले. विचारलं, "मग आता काय करायचं?"

"आयतवारी पाकळ्यो तू लाव," तात्या म्हणाले. "दोनव एकाच पाण्यान. माझ्या हातार माझो इश्वास नाय. माका हेका धरून ठेवूचो आसा, आणि हो बघ कसो कण्हता. दुसऱ्याचा ठरवूक माका कधी जड गेला नाय गो. माझा ठरवूक माका कोण नाय."

"आणि मी हे लिहिते, ते कोणी वाचलं तर?"

"लिही. आता ह्या वयात माझी खयची परीक्षा ऱ्हवली हा?"

खरा कौल लावायचा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. इतक्या वर्षांत राखणदाराला पहिल्यांदाच खरंखुरं विचारलं जाणार होतं. मी शनिवारचा उपास धरला. रविवारी पहाटे आंघोळ करून सोवळ्यानं खाली गेले आणि राखणदाराला पंचामृताचा अभिषेक केला, दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं घरचं आणि भरपूर. देवाला म्हटलं, आज तरी तूच बोल. वर पाण्याचा तांब्या घातला आणि वर आले.

नऊ वाजता सगळे जमले. या वेळी पी-आठवाल्यांनी न सांगता गाडी काढली होती. तेजल स्वतः आली होती, बापाचा हात धरून उभी. डॉक्टर निधी पेटी घेऊन आल्या, कारण तात्यांनीच सांगितलं होतं, जर होय आलं तर तिथल्या तिथे, परत वर नेऊन परत विचार नको. मॅनेजर ट्रॉलीत, या वेळी दगडापासून चार हात लांब. गाऱ्हाणं झालं. होय म्हाराजा झालं. ठीक आहे झालं. मी एकाच तांब्यातल्या साध्या पाण्यात दोन्ही पाकळ्या बुडवल्या आणि लावल्या.

साडेनऊ झाले. पाकळ्या जिथल्या तिथे.

पावणेदहा. राजेशनं लिफ्ट बंद करवली, हादरा नको म्हणून. पाचव्या मजल्यावरच्या आजी बाजार घेऊन दारात अडकल्या, त्यांनाही खुर्ची दिली. दहा वाजता कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना गाणं वाजवायला लागली, तर आठ-दहा जण तोंडावर बोट ठेवून तिच्याकडे धावले. चहा आला. डॉक्टर हळूच मला म्हणाल्या, "ह्याला काही वेळेची मर्यादा असते का? मला अकराला मुलुंडला एक पोपट आहे."

"देवाला मर्यादा नसते हो."

"पोपटाला असते," डॉक्टर म्हणाल्या, पण थांबल्या. सव्वादहाला तात्यांनी गाऱ्हाणं परत घातलं, तेव्हा डॉक्टरही "होय म्हाराजा" म्हणाल्या.

साडेदहाला मी पाय मोकळे करायच्या निमित्तानं दगडाजवळ गेले आणि वाकून बघितलं.  अभिषेकानंतर मी दगड पुसलाच नव्हता. वरून घातलेल्या एका तांब्यानं मध जातो होय? दूध, मध, साखर सगळं दगडावर वाळून डिंक झालं होतं. त्या पाकळ्या आज पडणार नव्हत्या. दिवाळीपर्यंत पडणार नव्हत्या. मी एवढ्या भक्तीनं देवाचं तोंड बांधून ठेवलं होतं.

सांगावं तर चाळीस माणसं. न सांगावं तर... मी जागेवर येऊन बसले आणि घामानं भिजले.

तेवढ्यात मॅनेजरनं तो आवाज काढला. मग परत काढला. त्याचे पुढचे पाय हवेत हलायला लागले, पळताना हलतात तसे. कोणाचं लक्ष नव्हतं. सगळी इमारत पाकळ्यांकडे बघत होती, राजेश तर मोबाइलचा टॉर्च मारून बघत होता. ट्रॉलीकडे बघत होते एकटे तात्या. किती वेळ बघत होते कोण जाणे. कदाचित साडेनऊपासून.

ते उठले. तेजलचा हात सोडवला, दगडासमोर गेले, उकिडवे बसले आणि उजव्या पाकळीला बोट लावलं. ती निघेना. नखानं खरवडली तेव्हा निघाली. चाळीस माणसांच्या देखत.

बोट चिकट लागलं म्हणून त्यांनी ते जिभेला लावलं. थांबले. मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"पंचामृत?"

मी मान खाली घातली.

तात्या हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. मग उभे राहिले आणि ती पाकळी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "देवान सांगूक नाय," ते म्हणाले. "मी सांगतंय. मॅनेजराक सोडूचो. माझो तो, म्हणान मी सांगतंय."

 असा कौल कोणी पाहिलेलाच नव्हता, त्यावर काय म्हणायचं ते कोणाला माहीत नव्हतं. राजेश माझ्याकडे बघतो, मी राजेशकडे. शेवटी खुर्चीतून भीमराजभाऊ उठले.

"होय रे दशरथ," ते म्हणाले. "होय."

मग आम्ही सगळे म्हणालो, होय म्हाराजा. हळू आवाजात.

तात्यांनी कागद मागून घेतला, शेऱ्यातलं वाक्य खोडलं आणि सही केली. मग जमिनीवर बसून मॅनेजरचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं. मी एका वाटीत नारळाचं पाणी आणून दिलं, तात्यांनी बोट बुडवून त्याच्या ओठांना लावलं. त्यानं एकदा चाटलं. "मॅनेजर," तात्या त्याच्या कानात म्हणाले, "आता उठू नको. मी उभो आसंय." दुसऱ्या इंजेक्शनला त्याला काही कळलं नाही. मी रामरक्षा म्हणत होते, मध्येच ओळ चुकले, परत सुरुवातीपासून म्हटली.

डॉक्टर मुलुंडला सव्वाबाराला पोचल्या. पोपट बरा आहे असं त्यांचा फोन आला तेव्हा कळलं.

मंगळवारी राजेश तात्यांकडे आला. मी तिथेच होते, पेजेचं भांडं परत घ्यायला गेले होते. नवीन गाडी घ्यायची, पांढरी की निळी, असा त्याचा प्रश्न. कौल लावाल का?

"तुका काय वाटता?" तात्यांनी विचारलं.

"मला काय, तुम्हीच सांगा ना तात्या."

"मी इचारतंय, तुका काय वाटता?"

राजेश "निळी," म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच दचकला.

"मगे जा, घी निळी."

मी गरम पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन खाली गेले. दोन दिवस मुंग्यांनी पी-सातवर रांग लावली होती. राखणदाराला वरून खालपर्यंत पुसून काढलं. डावी पाकळी अजून तशीच होती. तीही नखानंच खरवडावी लागली.